सोंडेवरच्या पत्र्यापासून ड्रोनपर्यंत : आमची वाटचाल

२०१३ साली भोरच्या बाजूला एका शाळेला इंटरनेट द्यायचं काम आलं. तेव्हा पुण्यात आम्ही तिघेच होतो, ५.८ गिगाहर्ट्झच्या बिनतारी लिंक बसवायचो. शाळा आणि टॉवर यांच्यामध्ये डोंगराची सोंड आडवी. वर वीज नाही, म्हणजे रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं यंत्र) बाद. शेवटी सोंडेवर चार बाय आठ फुटांचा ॲल्युमिनियमचा पत्रा अँगलवर आवळला आणि रेडिओ लहर आरशासारखी पलीकडे वळवली. कोन जुळवायला दोन दिवस गेले. लिंक लागली तेव्हा मुलांनी मारलेली आरोळी अजून कानात आहे.

पण पत्र्याचा कोन एकदा ठरला की ठरला. २०२० च्या सुरुवातीला जपानच्या एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीने २८ गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी एका पारदर्शक पृष्ठभागाची चाचणी जाहीर केली. त्यात लहर आरपार सोडायची की परतवायची, हे बदलता येत होतं. मग मी या विषयाच्या मागेच लागलो. आम्ही वापरतो ती रचना अशी : बोर्डवर तांब्याचे छोटे चौकोन, प्रत्येकावर डायोड, म्हणजे विजेवर चालणारा इवलासा स्विच. डायोड चालू-बंद केला की त्या चौकोनावरून परतणाऱ्या लहरीची फेज, म्हणजे तिच्या चढउताराची वेळ, १८० अंशांनी बदलते. सगळ्या चौकोनांचा मेळ जमला की पृष्ठभाग जागेवरच राहतो आणि झोत मात्र वळतो. ॲम्प्लिफायर नाही, वीज जेमतेम काही वॅट.

आमचा पहिला बोर्ड १६ बाय १६, म्हणजे २५६ चौकोनांचा, ४१ सेंटिमीटर बाजूचा. बोर्ड बनवणाऱ्याने डायोडच्या दोन रांगा उलट्या लावल्या होत्या. आठवडाभर सोल्डरिंग गन घेऊन बसलो.

जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, बचाव पथकं पायी चढून गेली. अशा ठिकाणी पत्रा बसवायला वेळ कुणाकडे असतो? परावर्तक, म्हणजे लहर वळवणारा हा बोर्ड, ड्रोनवर बसवून उडवायलाच हवा, हे तेव्हा पक्कं झालं.

उडवल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. वाऱ्यात स्थिर राहायला ड्रोन कलतो. पृष्ठभाग ५ अंश कलला की परतणारा झोत १० अंश सरकतो, आणि आमचा झोत जेमतेम ६-७ अंश रुंद! मावळात पहिल्या दिवशी सिग्नल दिसायचा आणि जायचा. सहा महिने याच प्रश्नात गेले. ड्रोनचा कल मोजणाऱ्या सेन्सरची माहिती थेट डायोडच्या नियंत्रकाला दिली. ड्रोन जितका कलेल, तितकी फेज उलट बाजूने सावरायची. त्यानंतर लिंक टिकली. पत्र्याला हे कधीच जमलं नसतं.

वजनाचाही धडा मिळाला. फायबरग्लासचा बोर्ड अर्धा किलोचा होता, आता फोमवर पातळ थर चिकटवतो. पंख्यांखाली एकही कडा येऊ देत नाही, नाहीतर हवा अडते आणि बॅटरी भराभर उतरते.

सरकारच्या ड्रोन नकाशातल्या हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीशिवाय उडवता येतं, आमच्या कामाला तेवढी उंची पुरते. बॅटरी मात्र पुरत नाही. वीस मिनिटांत उतरावंच लागतं. म्हणून सध्या जमिनीवरून केबलने वीज देण्याची जुळणी चालू आहे. केबलचं वजन आणि वाऱ्यातली तिची ओढ, या दोन गोष्टींवर रोज रात्री उशिरापर्यंत वर्कशॉपचा दिवा जळतो.