मेणाचा ठोकळा

आमच्या देवघराखालच्या खणात एक पितळी डबा आहे. त्यात हिची नथ, मुलीच्या बारशातली चांदीची वाटी आणि माझ्या काखेतल्या गाठीचा तुकडा आहे. मेणात बसवलेला, बोटाच्या पेराएवढा. दवाखान्यात त्याला ब्लॉक म्हणतात. २००९ साली तो माझ्या हातात दिला, तेव्हा मी फायलीत कोंबणार होतो. "अहो, उन्हाळ्यात वितळेल की," म्हणून हिने डब्यात ठेवला.

साताऱ्यात माझा छोटा छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल. प्रुफं वाचण्यात जन्म गेला.

गाठ दुखत नव्हती. एका डॉक्टरांनी बारीक सुईने तपासून टीबीच्या गोळ्या दिल्या, त्या सहा महिने खाल्ल्या. गाठ जागची हलली नाही. शेवटी ती अख्खी काढली तेव्हा नाव कळलं: नोड्युलर लिम्फोसाइट प्रिडॉमिनंट हॉजकिन लिम्फोमा. पत्रिकेच्या एका ओळीत बसणार नाही असं नाव. हॉजकिनच्या शंभर रोग्यांत साधारण पाचांना होणारा, सावकाश वाढणारा, लसिकाग्रंथींचा कर्करोग. रिपोर्टात 'पॉपकॉर्न सेल' असा शब्द होता, कारण त्या पेशींचं केंद्रक फुटलेल्या लाहीसारखं दिसतं. त्या वर्षी नागपंचमीला आमच्याकडे लाह्या झाल्या नाहीत. हिला बघवेनात.

आजार एकाच जागी होता. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून पंधरा दिवस रेडिएशन घेतलं, एकूण ३० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप). पाच वर्षं नीट गेली तेव्हा मी कंदी पेढे घेऊन मुंबईला गेलो. डॉक्टरांनी अर्धा पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "येत राहा. हा दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा परततो, आणि येताना कधी कधी रूप बदलून येतो." मी हसलो. पुढे दोन वर्षं गेलो, मग बंद केलं. यात दोष कुणाचा नाही, माझाच.

२०२३च्या पावसाळ्यात संध्याकाळचा ताप सुरू झाला. रात्री बनियन पिळून काढावं असा घाम. पट्टा दोन भोकं आत गेला. पेट स्कॅनमध्ये प्लीहा आणि पोटातल्या गाठी दिव्यासारख्या उजळलेल्या. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, "मॅडम, जुनाच आजार आहे, परत बायोप्सी कशाला?"

"जुनाच आहे की नाही, तेच बघायचंय."

जांघेत हाताला लागणारी एक गाठ होती, काढायला सोपी. पण तीही मॅडमना नको होती. जिथे सगळ्यात जास्त उजळलंय तिथलाच तुकडा हवा, म्हणून सीटीवर बघत जाड सुई पोटात घातली. आणि मग विचारलं, "२००९चा ब्लॉक आहे का?"

हिने डबा पर्समध्येच आणला होता, नथीसकट.

दोन्ही रिपोर्ट मी शेजारी ठेवून वाचले, मूळ प्रत आणि प्रूफ ताडून बघावं तसे. मोठ्या पेशींवर सीडी २० ही खूण दोन्हीकडे पॉझिटिव्ह. पण आधी त्या पेशी लहान लिम्फोसाइट म्हणजे पांढऱ्या पेशींच्या गोळ्यागोळ्यांत बसलेल्या होत्या. आता गोळे मोडलेले आणि सभोवती टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची गर्दी. अक्षरं तीच, पण परिच्छेद मोडून मजकूर सलग वाहत गेलेला. नवं नाव: टी-सेल हिस्टिओसाइट रिच लार्ज बी-सेल लिम्फोमा. हा सावकाश चालणारा नाही. जुना समजून बेतानं औषध दिलं असतं तर फसलो असतो.

मग आर-चॉप म्हणजे पाच औषधांची केमोथेरपी, दर एकवीस दिवसांनी, सहा वेळा. त्यातल्या रिटुक्सिमॅबच्या पहिल्या बाटलीला अशी हुडहुडी भरली की पलंग वाजायला लागला. नंतर कधी नाही. लाल औषधानंतर लघवी लाल होते हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. स्टेरॉइडच्या पाच दिवसांत झोप उडायची आणि रात्री दोनला पिठलं-भाकरी मागायचो. ही करून द्यायची, वर बोलायचीही. त्यातल्याच व्हिन्क्रिस्टिन या औषधाने बोटांची टोकं अजून बधिर आहेत, कागदाची जाडी आता चिमटीत कळत नाही. आमच्या धंद्यात हे मोठंच नुकसान.

एक गंमत. २०२२मध्ये तज्ज्ञांच्या एका वर्गीकरणाने माझ्या जुन्या आजाराच्या नावातलं 'हॉजकिन' काढून 'बी-सेल लिम्फोमा' केलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात 'हॉजकिन' तसंच राहिलं. म्हणजे पाठभेद आहे. फायलीवर मी दोन्ही लिहून ठेवलेत.

शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. आता दर तीन महिन्यांनी जातो, तारीख दुकानातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिलेली असते. शेजारच्या अण्णांनी विचारलं, पेढे कधी? ही आतून म्हणाली, "खायचेच असतील तर असेच आणा, निमित्त नको."

दुसरा ब्लॉकही आम्ही मागून घेतला. डब्याचं झाकण आता बसत नाही. चांदीची वाटी बाहेर काढावी लागली.