तात्यांचे डोळे आणि माझी झोप

कोलाड, सोमवार, रात्री साडेनऊ

दुपारपासून स्टेशनबाहेर लायनीत उभे आहोत. आमचा नंबर अकरावा. वायपर बंद केला की पुढची गाडी दिसेनाशी होते, इतका पाऊस. तळोज्याहून कागदाचे रोल भरलेत, कोचीला उतरायचे. कागदाला पाण्याचा थेंब चालत नाही, म्हणून दोन ताडपत्र्या टाकल्यात आणि दर तासाला उतरून कोणीतरी रस्सी चाचपायची. आता माझी पाळी. माझे जोडीदार ड्रायव्हर तात्या मागे बर्थवर. झोपलेले नाहीत. झोपले की ते घोरतात.

रो-रोचं, म्हणजे भरलेला ट्रक मालगाडीवर चढवून न्यायचं, नाव काढलं की आमचा शेठ कुरकुरतो. दिवस जातो म्हणतो. पण जुलै महिन्यात मी हटून बसतो. मागे १६ जुलै २०२४ ला कर्नाटकात अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर रस्त्यावर आला. कडेला चहाची टपरी होती, चहासाठी थांबलेल्या गाड्या होत्या. त्यातला केरळचा एक ड्रायव्हर सप्टेंबरअखेरीस गंगावळी नदीत सापडला, गाडीसकट. त्या टपरीवर आम्हीही थांबलो आहोत. त्यानंतर शेठला सांगून टाकलं, पावसाळ्यात गाडी सुरतकलपर्यंत रेल्वेने जाईल, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघा.

आणि आपला मुंबई-गोवा हायवे! २०११ मध्ये चौपदरीकरणाचं काम निघालं तेव्हा माझ्याकडे हेवीचं लायसन नव्हतं. आता माझी मुलगी शाळेत जाते आणि अजून डायव्हर्जनचे बोर्ड आहेतच.

मंगळवार, वेळ मिळेल तसं

रात्री एकच्या सुमाराला गाडी चढवली. रेकच्या एका टोकाला रॅम्प असतो. तिथून चढायचं आणि एका वॅगनवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असं सरळ पुढे जायचं. दोन्ही बाजूंना चाकापासून कड वीतभर. मी चढवतो, तात्या पुढे उलटे चालत हाताने दाखवतात. काल मात्र त्यांनी नीट दाखवलं नाही, मीच पुढे बघत चढवली. ते नुसते 'येऊ दे, येऊ दे' करत होते. तेव्हा लक्षात आलं नाही. मग चाकांना ठोकळे, साखळ्या, हँडब्रेक. वर विजेच्या तारा, त्यामुळे ताडपत्री बघायला टपावर चढायची सोय नाही. जे असेल ते देवाच्या हवाली.

ही सोय २६ जानेवारी १९९९ पासूनची. तात्या तेव्हा क्लीनर होते. पहिल्याच वर्षी कोलाडहून गोव्यात वेर्ण्याला गेलो होतो म्हणतात. उस्ताद रात्रभर स्टिअरिंग धरून बसला होता, गाडी पडेल म्हणून!

हसू येतं खरं, पण मलाही आज तसंच होतंय. हातांना काम नाही. गाडी चालली आहे, बाहेरची झाडं मागे पळतायत, आणि आपण मेन सीटवर मांडी घालून. वळण आलं की पाय हळूच ब्रेककडे सरकतो.

जोडीने गाडी चालवतो म्हटलं की लोकांना वाटतं, दोघं गप्पा मारत, गाणी ऐकत जात असतील. अहो, आमची गाठच पडत नाही. एक चालवतो, एक झोपतो. पाच-सहा तासांनी गाडी थांबली की चार वाक्यं: डाव्या मागच्या टायरची हवा, डिझेल, पुढे पोलीस कुठे उभे आहेत, आणि डब्यात काय उरलंय. सहा वर्षं झाली. तात्यांच्या बायकोचं नाव मला तिसऱ्या वर्षी कळलं.

आमच्या धंद्यात चालवणं सगळ्यांना येतं. दुसरा चालवत असताना झोपणं शिकावं लागतं. पहिले सहा महिने मी झोपलोच नाही. पडून असायचो आणि मोजायचो. हा तिसरा गियर, आता दुसऱ्यात टाकेल, टाकला. उताराला लागलो की पाय बर्थच्या पत्र्याला टेकून मीच ब्रेक दाबायचो. एका रात्री कशेडी घाट चढला आणि उतरला आणि मला कळलंच नाही. बोगदा चालू व्हायच्या आधीची गोष्ट, म्हणजे सगळी वळणं. पोलादपूरला डोळा लागला तो खेडला उघडला. त्या दिवसापासून मी तात्यांचा जोडीदार झालो असं मी मानतो. पगार चालू झाला त्या दिवसापासून नाही.

पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर लागायचेच, तसा नियम होता. २०१८ मध्ये तो काढला. लगेच कितीतरी मालकांनी एकाला घरी बसवलं. कायदा दिवसाला आठ तास म्हणतो, मालासोबतचं ई-वे बिल दोनशे किलोमीटरला एक दिवस देतं, आणि शेठ सहाशेला एक दिवस देतो. आमच्या शेठने दोघांना ठेवलंय ते प्रेमाने नाही, माल वेळेचा असतो म्हणून. पण ठेवलंय.

तर मुद्द्याचं. पहाटे, अजून अंधारच होता, संगमेश्वरला आमची मालगाडी बाजूच्या लायनीवर घेतली. समोरून एक्स्प्रेस येत होती. इंजिनाचा दिवा पावसातून दिसला आणि तात्यांनी चटकन तळहात डोळ्यांपुढे धरला. गाडी निघून गेली तरी हात तसाच. मी काही बोललो नाही.

उजाडलं तसं माझं गाव जवळ आलं. उक्षीच्या अलीकडे. शेतात लावणी चालू होती, डोक्यावर इरली घेऊन वाकलेली माणसं, त्यात आमचा भाऊ असेलच. घरी फोन केला. मुलीला सांगितलं, आज बाबाची गाडी गाडीवर बसून चालली आहे. ती म्हणाली, मग तू काय करतोयस? रानपाटचा धबधबा भरून कोसळत होता. तात्यांना म्हटलं, बघा. ते म्हणाले, "बघितलंय." बघत कुठे होते? मान भलतीकडेच होती.

उक्षी सोडली की करबुड्याचा बोगदा. साडेसहा किलोमीटर. मालगाडीच्या चालीने बराच वेळ अंधार. डॅशबोर्डवरच्या गणपतीचा लाल दिवा तेवढा. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच विचारता आलं.

"तात्या, डोळ्यांना काय होतंय?"

बराच वेळ नुसता चाकांचा आवाज.

"समोरच्या गाड्यांचे लायटी फुटल्यासारके दिसतत."

"कधीपासून?"

"शिमग्यापासून."

शिमग्यापासून! मनातल्या मनात ट्रिपा मोजल्या. होळीनंतर कोचीच्या सहा, एक चेन्नई. प्रत्येक वेळी रात्री दहा ते चार ते चालवत होते आणि मी मागे मेल्यासारखा झोपलेलो. मला इतका राग आला की बोगद्यात उतरून चालत जावंसं वाटलं.

"मला सांगायचंत तरी."

"तुका सांगान काय करतलंय? शेठाक कळला तर दुसऱ्या दिवशी घराक."

लायसन गेल्याच वर्षी पाच वर्षांचं नवीन झालंय. डॉक्टरच्या फॉर्मवर सही आहे, शिक्का आहे. तपासताना तक्ता वाचायला लावला का, विचारलं. म्हणाले, "तक्तो होतो भिंतीर. माजी पाठ होती तेच्याकडे."

आता सांगायला हरकत नाही, मला हसू आलं. मग त्यांनाही आलं. बोगदा संपला तेव्हा दोघं हसत होतो आणि माझा राग काही गेलेला नव्हता.

पुढे पानवलचा पूल आला, चौसष्ट मीटर उंच, खाली ढग. दोघंही बोललो नाही. रत्नागिरीच्या पुढे मी डबा उघडला. भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. सहा वर्षांत एकाच वेळी जेवलो असे हे तिसऱ्यांदा असेल. जेवताना ठरवलं: अंधार पडला की गाडी माझी. ते दिवसा चालवतील, ऊन असेल तेव्हा. पावसाळ्यात ऊन किती असतं हा वेगळा प्रश्न. कोचीहून परत आलो की कुडाळला उतरायचं आणि डोळे दाखवायचे. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन. तेवढे दिवस मी एकटा काढीन, शेठला म्हणेन तात्यांच्या घरी गणपतीची रंगसफेदी आहे. गणपतीला अजून दीड महिना आहे, पण शेठ गुजरातचा, त्याला काय कळतंय.

तात्या म्हणाले, "आणि रातची सगळी तूच चलवतलंस, मगे निजतलंस कधी?"

"दिवसा. तुम्ही चालवाल तेव्हा."

"झोप येतली तुका?"

ह्याचं उत्तर मी दिलं नाही. कारवार येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसलो.

बुधवार, पहाटे

सुरतकलला उतरलो. पाऊस, चिखल, साखळ्या सोडायची घाई. गाडी मी काढली. एरवी तात्या सरळ बर्थवर जातात, आज क्लीनरच्या सीटवर बसून राहिले. टॉवेलने काच पुसतायत. पुसलेली काच परत पुसतायत.

हायवेला लागलो. पुढे मोठी हिरवी पाटी आली.

"तात्या, काय लिहिलंय?"

ते पुढे झुकले. डोळे बारीक केले. पाटी जवळ आली, डोक्यावरून गेली.

"कानडी," म्हणाले.