आयर्विनला पाणी किती आणि दुकानात माल किती

आमचं दुकान पंपाच्या स्पेअरचं आणि पाइप फिटिंगचं, सांगलीत गावभागात, आण्णांनी टाकलेलं. कुठला माल कुठंय ते फक्त आण्णांच्या डोक्यात. काहीही मागा, "त्या निळ्या पिशवीच्या मागं बघ" म्हणायचे आणि ते तिथंच सापडायचं. मला लई कौतुक वाटायचं याचं, 2019 च्या ऑगस्टपर्यंत.

त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. (बाहेरगावच्यांसाठी सांगतो, 40 ला इशारा, 45 ला धोका.) आम्ही 2005 च्या पुराची रेघ धरून बसलेलो, भिंतीवर आण्णांनीच मारलेली, त्याच्या वर काय येत नाही म्हणून. मग घाईघाईत माळ्यावर चढवलं काय तर हाताला लागेल ते, हलकं हलकं. एल्बो, टी, युनियन, सगळं पीव्हीसी, जे बुडालं असतं तरी धुऊन विकता आलं असतं, ते माळ्यावर सुखरूप. आणि मोनोब्लॉक पंप, स्टार्टर, बेअरिंगची खोकी, वायंडिंगच्या तारेची रिळं जड म्हणून खाली. आठवलं की अजून पोटात कालवतं.

विमा होता, बँकेच्या सीसीसाठी (कॅश क्रेडिट, मालावर मिळणारं कर्ज) काढलेला. पण रक्कम कैक वर्षं तीच, माल मात्र वाढलेला. मला वाटायचं 10 लाखांचा विमा म्हणजे 10 लाखांपर्यंत सगळं मिळणार. तसं नसतंय. दुकानात माल 20 लाखांचा आणि विमा 10 चा, तर 4 लाखांच्या नुकसानीला 2 च लाख हातात येतात, कारण निम्म्या मालाचा विमा तुम्ही काढलेलाच नाही असं धरतात. विम्याच्या सर्व्हेअरनं स्टॉक रजिस्टर मागितलं तर आण्णांनी बोट स्वतःच्या डोक्याकडं नेलं. तो माणूस बिचारा हसला पण लिहिणार काय? वर सीएनं सांगितलं की वाया गेलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिटही परत भरायचं, कलम 17(5). म्हणजे काय गेलं त्याचा हिशेब पाहिजेच, आणि आमच्याकडं तो नव्हता.

हरिपूरला पूर्वी हळद जमिनीतल्या पेवात ठेवायचे, पिढ्यान्पिढ्या चाललेलं, 2005 च्या पुरानं त्यातली कितीतरी पेवं कामातनं गेली. आमचं माल ठेवणं त्याच जातीचं, चालत आलंय म्हणून चाललेलं.

आता वही आहे. आधी कॉम्प्युटरवर केलं होतं पण गर्दीच्या वेळी कोण टाइप करत बसतंय, म्हणून वही काउंटरला दोरीनं बांधली, पेन पण बांधलं. रॅकला अक्षरं घातली, क, ख, ग. दर सोमवारी एकच रॅक मोजायचा, सगळं दुकान एकदम मोजायला घेतलं की दुपारीच कंटाळा येतो आणि आकडे अंदाजे पडतात. प्रत्येक मालाच्या शेवटच्या पाकिटाला लाल टेप, ती फोडली की लगेच ऑर्डर लिहायची. पहिल्यांदा मोजलं तेव्हा सॉल्व्हंट सिमेंटचे अर्धे डबे दगड झालेले, वॉशर कडक, आणि बंद पडलेल्या मॉडेलचे इम्पेलर इतके की भंगारवाला म्हणाला, "दादा, हे जपून का ठेवलंय?" आमचा पैसा असा माळ्यावर बसलेला आणि आम्ही सीसीवर व्याज भरतोय.

रॅकवर अजून एक आकडा रंगवलाय, आयर्विनचा, तिथं पाणी तेवढ्या फुटांवर आलं की तो रॅक हलवायचा. मोटरींच्या रॅकवर 38, बेअरिंगच्या 41, पीव्हीसीच्या रॅकवर काहीच नाही, त्याला पोहू दे. जड माल आधी, कारण त्याला दोन माणसं आणि टेम्पो लागतो आणि उशीर झाला की टेम्पोवाले फोन उचलत नाहीत. 2021 च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा 38 लाच मोटरी विश्रामबागला मेव्हण्याकडं. शेजारचे हसत होते, थोडा वेळ.

आण्णा वही उघडत नाहीत. परवा एक शेतकरी जुन्या पंपाचं सील घेऊन आला, मी वही चाळतोय, पान सापडेना, आण्णा पेपर खाली न घेता म्हणाले, "माळ्यावर, फुटक्या घमेल्यात." होतं की. ते घमेलं वहीत नव्हतंच. गिऱ्हाईक गेल्यावर लिहिलं: माळा, फुटकं घमेलं, 7 नग.