मॅगझिनच्या मापाचे काडतूस

ओहायोत आल्यानंतर तिसऱ्या वर्षी मी सर्व्हिस रायफल (लष्करी धाटणीच्या रायफलच्या) नेमबाजी स्पर्धांसाठी सराव सुरू केला आणि थोड्याच दिवसांत काडतुसे घरी भरू लागलो. माझी रायफल एआर-15 जातीची, अर्धस्वयंचलित, .223 रेमिंग्टन काडतुसाची आहे. दारूचे वजन, प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) आणि केस (काडतुसाचे पितळी कवच) या गोष्टी मॅन्युअल समोर ठेवून मला लवकर जमल्या. पण गोळी केसमध्ये किती खोल बसवायची, म्हणजेच तयार काडतुसाची एकूण लांबी किती ठेवायची, या एका प्रश्नाने माझा जवळजवळ एक हिवाळा घेतला.

बोल्ट रायफलवाल्यांचे, म्हणजे प्रत्येक फैरीला हाताने बोल्ट ओढणाऱ्यांचे, लेख वाचून मी सुरुवात केली होती. नळीतल्या रायफलिंगची (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचांची) सुरुवात जिथे होते त्याच्या अगदी जवळ गोळीचे नाक आणून ठेवावे, म्हणजे गोळी सरळ शिरते आणि नेम सुधारतो, असे त्यांचे सांगणे असते. त्याप्रमाणे मी 77 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, गोळीसाठी गेज लावून माझ्या चेंबरचे (नळीत काडतूस बसते त्या जागेचे) माप घेतले. रायफलिंगला टेकणारी लांबी आली सुमारे 2.345 इंच. तेवढ्या लांबीचे काडतूस माझ्या मॅगझिनमध्ये बसणे शक्यच नव्हते, कारण या काडतुसाची प्रमाणित कमाल लांबी 2.260 इंच आहे आणि मॅगझिनही त्याच हिशेबाने बनलेले असते. म्हणजे केसमधून सुटून रायफलिंगला टेकेपर्यंत गोळीला 85 थाऊ उडी मारावीच लागणार होती. (भोसरीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केल्यामुळे इंचाच्या हजाराव्या भागाला मी अजूनही थाऊच म्हणतो.)

हे मान्य करायला मला वेळ लागला. या स्पर्धेत 200 आणि 300 यार्डांवर जलद फैरी असतात, त्यात दहा गोळ्या मॅगझिनमधूनच आणि मध्ये मॅगझिन बदलून झाडायच्या असतात, त्यामुळे तिथे लांबी चेंबर ठरवत नाही, मॅगझिन ठरवते. 600 यार्डांची गोष्ट वेगळी आहे. तिथे वीस फैरींना वीस मिनिटे मिळतात, काडतूस एकेक करून हाताने भरायचे असते, म्हणून पुष्कळ नेमबाज 80 ग्रेनची लांब गोळी मॅगझिनच्या मापाबाहेर बसवतात. क्लबातल्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी मला समजावले की 77 ग्रेनच्या ज्या गोळीचे नाक हळुवार गोलाईने गोळीच्या सरळ अंगाला मिळते, ती अशी उडी निमूट सोसते. टोकदार, लांबलचक नाकाच्या गोळ्या मात्र या बाबतीत हट्टी असतात. पुढे कागदावरच्या छिद्रांनी मला तेच दाखवले.

मग मी 2.260 वर डाय (प्रेसमध्ये गोळी केसमध्ये बसवणारा साचा) लावला आणि वीस काडतुसे मोजली, तर काही 2.252, काही 2.263. प्रेसमध्ये खोट असावी असे वाटले, पण कारण गोळीच्या टोकात होते. मॅच गोळीचे टोक उघडे असते आणि त्याची कड प्रत्येक गोळीवर थोडी वेगळी वळलेली असते. बसवणारा डाय टोकावर न दाबता नाकाच्या गोलाईवर दाबतो, म्हणून टोकापर्यंत मोजलेली लांबी बदलते आणि कॉम्परेटर (टोकाऐवजी गोलाईवर टेकणारे मापक) लावून गोलाईपासून मोजलेली लांबी जवळजवळ सारखीच येते. त्यानंतर मी डाय असा लावला की वीसमधले सर्वांत लांब काडतूससुद्धा 2.258 च्या पुढे जाणार नाही, आणि नोंदवहीत गोलाईचे माप लिहू लागलो.

खरी चूक पुढेच उघडकीला आली, आणि नव्याने काडतुसे भरणाऱ्या प्रत्येकाने ती ध्यानात घ्यावी असे मला मनापासून वाटते. अर्धस्वयंचलित रायफलमध्ये बोल्ट स्प्रिंगच्या जोरावर काडतूस मॅगझिनमधून ढकलून काढतो, चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटतो आणि चेंबरमध्ये ढकलतो. या धक्क्यात गोळी मागे सरकू शकते किंवा बोल्ट थांबताच स्वतःच्या वेगाने पुढेही येऊ शकते. मागे सरकली तर केसमधली जागा कमी होते आणि दाब वाढतो. म्हणून दारू आणि प्रायमर नसलेली पाच डमी मी मॅगझिनमध्ये भरली, बोल्ट पूर्ण जोराने सोडला आणि प्रत्येक डमी बाहेर काढून मोजली. (जिवंत काडतुसावर घरात हा प्रयोग कधीही करू नये, या रायफलची फायरिंग पिन मोकळी असते आणि बोल्ट बंद होताना प्रायमरला हलका स्पर्श करते.) दोन डमी 14 थाऊंनी आखूड झाल्या होत्या.

कारण शोधायला तीन संध्याकाळी लागल्या. केसची मान (गोळी धरणारा तोंडाचा भाग) आवळणाऱ्या माझ्या डायमधले बुशिंग, म्हणजे मापाची कडी, जुन्या, जाड मानेच्या केसेससाठी घेतलेले 0.247 इंचाचे होते. नव्या केसेसची मान पातळ होती. गोळी बसवल्यावर ती मान बाहेरून 0.248 भरत होती, म्हणजे गोळीवर पकड अवघी एक थाऊ. बोल्ट रायफलला ती कदाचित पुरली असती, इथे पुरणारी नव्हती. मी 0.245 चे बुशिंग आणले, केसेस पुन्हा साइझ केल्या (मापात आवळल्या), त्यांची लांबी 1.750 वर कापून घेतली आणि नव्या डमी बनवल्या. या वेळी एकही डमी एक थाऊपेक्षा जास्त हलली नाही. लांबी बदलली, केस बदलली की दारूचे वजन पुन्हा मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासून वाढवत न्यायचे, हे मी तेव्हापासून एकदाही टाळलेले नाही.

त्या उन्हाळ्यात 300 यार्डांच्या जलद फैरीत दहाही काडतुसे विनाअडथळा गेली. केसेसचा नवा लॉट आला की आजही मी त्यातली पाच बाजूला काढतो, अंगाला भोक पाडून डमी म्हणून खूण करतो, मॅगझिनमधून बोल्टच्या धक्क्याने चेंबरमध्ये चढवून मोजतो आणि आकडे नोंदवहीत उतरल्यावरच दारूचा डबा उघडतो.