परागकण म्हणतात गारठा, भुंगेरे म्हणतात उन्हाळा

जुन्या काळी हवा कशी होती ते गाळात अडकलेल्या परागकणांवरून आणि भुंगेऱ्यांच्या तुकड्यांवरून ओळखता येतं. परागकणांसाठी गाळ चिमूटभर लागतो, एक घन सेंटिमीटर पुरतो. भुंगेऱ्यांसाठी मात्र पाच-पाच किलोच्या पिशव्या उपसाव्या लागतात. इंग्लंडमध्ये एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी दोन्ही एकाच खड्ड्यातून घेतले. गाळ एका बुजलेल्या तळ्याचा, हिमयुग सरतानाचा.

परागकण काढायचे म्हणजे आम्लांमागून आम्लं. हायड्रोक्लोरिकने चुना जातो, हायड्रोफ्लोरिकने वाळू. हे दुसरं काचही खातं आणि कातडीतून आत हाडापर्यंत उतरतं, म्हणून तो टप्पा तंत्रज्ञ बाईंनी केला आणि मी दाराबाहेर थांबलो. (अजिबात वाईट वाटलं नाही.) परागकणाचं कवच यातूनही टिकतं. मग मोजणी: गवताच्या कणाला एक भोक, बर्चला (आपल्या भूर्जाचा भाऊबंद) तीन, पाइनला हवेच्या दोन पिशव्या. पाइनवर विश्वास जपून ठेवायचा. त्याचे कण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर येतात, झाड तिथे असेलच असं नाही.

भुंगेऱ्यांना लागतं चक्क रॉकेल. गाळ ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, उरलेला चोथा रॉकेलमध्ये कालवायचा, जादाचं ओतून टाकायचं आणि वरून गार पाणी सोडायचं. किड्यांच्या कवचाला रॉकेल चिकटून राहतं, म्हणून पंख, डोकी, छातीचे तुकडे वर तरंगतात. पालापाचोळा बराचसा तळाशी बसतो. हाताचा वास साबणाला दाद देत नाही. पण अल्कोहोलच्या बशीत एक पंख उलटला आणि हिरवा झळकला! हजारो वर्षं चिखलात पडून रंग तसाच.

या जाती बहुतेक आजच्याच. बर्मिंगहॅमच्या रसेल कूप यांनी दाखवून दिलं की हवा पालटली तेव्हा भुंगेरे बदलले नाहीत, त्यांनी मुक्काम हलवला. आज तिबेटच्या पठारावर राहणारा अ‍ॅफोडियस होल्डेरेरी हा शेणकिडा ब्रिटनच्या हिमयुगीन गाळात सापडलाय. म्हणून यादीतली प्रत्येक जात आज किती तापमानात जगते ते पट्टे एकमेकांवर ठेवायचे. समाईक भाग म्हणजे तेव्हाचं तापमान. अ‍ॅटकिन्सन, ब्रिफा आणि कूप यांनी १९८७ साली याच रीतीने ब्रिटनचं गेल्या २२ हजार वर्षांतलं तापमान मांडलं.

माझ्या खालच्या थरात मात्र जुंपली. परागकणांत गवत, विलोची खुरटी झुडपं, आर्टेमिसिया (आपल्या दवण्याचा भाऊबंद), झाडाचा पत्ता नाही, म्हणजे गारठा. त्याच थरातले भुंगेरे सांगत होते, जुलैचं सरासरी तापमान १७ अंशांच्या आसपास, जवळजवळ आजच्या इंग्लंडसारखं. बर्चचं रान पसरलं ते वर, आणि तिथे भुंगेरे पुन्हा थंडीकडे झुकलेले. सरासरी काढून मोकळं व्हावं असं वाटत होतं, पण सरांनी ते साफ उडवून लावलं, आणि बरोबरच होतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. भुंगेरा ऊब वाढली की उडत येतो. झाडाला आधी माती तयार व्हावी लागते, मग बी यावं, रुजावं, पिढ्या जाव्यात.

शेवटी दोन्ही आलेख वेगळे ठेवले आणि तापमानाचे आकडे फक्त भुंगेऱ्यांवरून दिले. परागकणांवरून झाडं किती मागे राहिली तेवढंच लिहिलं. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न पाइनवरच आला.