वस्तीतला बालचित्रपट महोत्सव: आधी अंधार, मग आवाज

शाळेच्या हॉलमध्ये मुलांना चित्रपट दाखवायचा तर पहिली लढाई उजेडाशी. खिडक्यांचे नुसते पडदे पुरत नाहीत. खिडक्यांना काळं प्लास्टिक चिकटवा, वरचे झरोके विसरू नका. दुपारी तिथूनच पडद्यावर पांढरा पट्टा पडतो.

पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फुटांवर हवी, म्हणजे सतरंजीवरच्या मागच्या रांगेलाही सबटायटल्स दिसतात. पण ७-८ वर्षांखालच्यांना ती वाचायला वेळच पुरत नाही. त्यांच्यासाठी मराठी चित्रपट निवडा, नाहीतर माइकवर कुणीतरी संवाद वाचावेत. हे काम मोठ्या मुलांना द्या, ती फार जीव ओतून करतात.

पत्र्याच्या छताखाली आवाज घुमतो; वाढवला की शब्द आणखीच विरतात. स्पीकर पडद्यापाशीच ठेवा.

प्रदर्शनाची लेखी परवानगी चित्रपटाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे महिनाभर आधी मागा. डीव्हीडी विकत घेतली म्हणून जाहीर खेळाचा हक्क मिळत नाही.