गाय-वासरूच! खालच्या आळीतल्या भिंतीचा निकाल लागला (जवळजवळ)

वळवाने काम केलं. रत्नागिरीत खालच्या आळीतल्या चिऱ्याच्या भिंतीवर काँग्रेसच्या प्रचाराचं जुनं चित्र आहे, त्यातलं चिन्ह बैलजोडी आहे की गाय-वासरू, यावरून आपल्यात दिवाळीपासून जुंपली होती. गाय-वासरूवाल्यांनी पेढे वाटायला हरकत नाही. बैलजोडीवाल्यांनीही शेवटपर्यंत वाचा, कारण चित्रातली ती आडवी रेघ तुमच्या बाजूने होती आणि सगळ्यांत जास्त डोकं तिनेच खाल्लं.

वाद नुसत्या जनावराचा नव्हताच, सालाचा होता. बैलजोडी असेल तर चित्र १९६९ च्या फुटीआधीच्या काँग्रेसचं. गाय-वासरू असेल तर १९७१ ते १९७७ मधलं. १९७८ पासून पंजा आला, म्हणजे तो प्रश्नच नाही. रत्नागिरीत इतकं जुनं प्रचाराचं चित्र अजून भिंतीवर असणं हीच मुळात चैन आहे. इथला पाऊस चांगल्या गिलाव्याला चार-पाच पावसाळ्यांत सोलून काढतो. ही भिंत वाचली कारण ती बोळात आहे, वर शेजारच्या कौलांची वळचण आहे आणि दरवर्षी नैर्ऋत्येच्या बाजूने झाप बांधतात.

अडचण अशी की चित्रावर निळीच्या चुन्याचे थरावर थर आहेत. कोरड्या भिंतीवर दिसायची ती फक्त एक पाठ, शिंगासारखं काहीतरी आणि मानेवरून गेलेली आडवी रेघ. बैलजोडीवाले म्हणणार, "हे बघा जू!" आणि त्यावर उत्तर सुचायचं नाही. त्यात बोळ इतका अरुंद की समोरून अख्खं चित्र एका चौकटीत येत नाही. तुकडे काढून हगिनमध्ये (फोटो जोडायचा प्रोग्राम) जोडले तर सांध्यावर शिंगं दुभंगायची.

परवा दुपारी वळवाची जोरदार सर आली. पाणी तिरकं आलं आणि वळचण असूनही भिंत भिजली. भिजलेला चुना आरपार दिसायला लागतो हे आपण सगळे ऐकून आहोत (कोरड्या चुन्याच्या छिद्रांत हवा असते, ती उजेड विखुरते म्हणून तो पांढराफेक दिसतो, छिद्रांत पाणी भरलं की विखुरणं कमी होतं आणि खालचा रंग वर येतो), पण प्रत्यक्ष बघताना मी छत्री धरायची विसरलो. पाठीखालून पोट आलं, पोटाखालून चार पाय आले आणि त्या पायांच्या मधे आणखी एक डोकं, वर वळलेलं. शिंगं नाहीत.

पण फोटोत? नुसती चकाकी. ओली भिंत आभाळ परत फेकते. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लेन्सवर लावला, फिरवला, काही फरक नाही. मग लक्षात आलं की भिंतीच्या अगदी समोर उभं राहिलं तर पोलरायझर काही करू शकत नाही. पाण्याची चकाकी तो सगळ्यांत जास्त मारतो ती लंबापासून साधारण ५३ अंशांवर. म्हणजे समोरून बाजूला सरकून, चांगलं तिरकं उभं राहायचं. ज्या अरुंद बोळाला इतके महिने शिव्या घातल्या, त्याने दुसरी जागाच ठेवली नव्हती! तिरका फोटो, मग हगिनमध्ये चार कोपरे धरून सरळ केला. लांबच्या बाजूला थोडा ताणला जातो, पण वासराचं डोकं जवळच्या अर्ध्यात आहे.

वेळही सांभाळायला लागते. पाणी ओघळत असतं तोवर चकाकी जास्त, वारा सुटला की चुना वरच्या कडेपासून पुन्हा पांढरा पडत येतो. मधला जो वेळ मिळतो तेवढाच आपला.

आता जू. घरी येऊन फोटो डी-स्ट्रेचमध्ये (पुसट रंग ठळक करणारा प्रोग्राम) टाकला. त्यातल्या काळा-निळा उठवणाऱ्या वायबीकेमध्ये जनावर ठळक झालं, म्हणजे काळा रंग. रेघ मात्र गायब! लाल उठवणारा एलआरई लावल्यावर रेघ उजळली आणि तिच्याखाली लटकलेली अक्षरंही. ती शिरोरेखा आहे हो. चित्रावरून नंतर कुणीतरी लाल ऑइलपेंटने विडीची जाहिरात केली होती, तिची. ऑइलपेंटवर चुना नीट धरत नाही, खपल्या पडतात, म्हणून एवढी रेघच उघडी पडली होती. बैलजोडीच्या जुवाचा निकाल तिथेच लागला.

खाली मजकूरही आहे. "…यांनाच निवडून द्या" इतकं लागतं. उमेदवाराचं नाव मोरीच्या नळाने खाल्लंय. त्यामुळे १९७१ ची लोकसभा, १९७२ ची विधानसभा की १९७७, हे अजून लटकलेलंच.

काहींनी फवाऱ्याने भिंत भिजवायचं सुचवलं होतं. मी करणार नाही. पाणी मुरलं की चिऱ्यातले क्षार घेऊन पृष्ठभागावर येतं आणि तिथेच पापुद्रे सुटतात. आपला फोटो होईल, भिंत जाईल. पाऊस करतोय तेवढं पुरे. तसंही भिंत ज्यांची त्या घरच्या आजींनी सांगितलंय, "गणपतीच्या आधी रंग काढायचाय, काय ते फोटो लवकर काढून घे." आणि रंग म्हणजे आता चुना नव्हे, प्लास्टिक. मधूनमधून काम काढून मी त्यांना चुन्याची बाजू पटवतोय. चिरा जमिनीतली ओल ओढतो, चुन्यातून ती बाहेर पडते, प्लास्टिक पेंटमागे ती कोंडते आणि फोड येतात. शहरातल्या नव्या, चित्रं रंगवलेल्या कंपाउंड भिंती बघा: चित्रातल्या कासवाची पाठ देवी आल्यासारखी दिसते. चित्रकाराचा हात चांगला होता, भिंतीची तयारी कुणी केली नाही.

जाता जाता, ऑनलाइन मिळणारे स्वस्त पोलरायझर घेऊ नका. माझा पहिला पिवळट छटा देतो, आणि डी-स्ट्रेचला ती छटाच खरा रंग वाटते.

पुढचा बेत मिरकरवाडा बंदरातल्या होड्यांवरची अक्षरं असा होता. तो पुढे ढकलतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आणि रंगकाम चालू. तेव्हा रंगवणारेच भेटतील.

त्याआधी राजापूर. हे लिहिताना डोक्यात आलं की गाय-वासरू टिकलं असेल तर प्रजा समाजवादी पक्षाचं चिन्ह, झोपडी, का नसेल? १९७१ ला तिथून मधु दंडवते निवडून आले, तो सगळा पट्टा समाजवाद्यांचा. जवाहर चौकात पुराच्या वेळी अर्जुना नदीचं पाणी चढतं, म्हणजे खालच्या भिंती धुऊन गेल्याच असणार. माडीच्या उंचीवर बघायचं, आळीच्या आतल्या बाजूला, वळचणीखाली. शिडी लागेल. तिथे कुणाच्या ओळखीचं जुनं माडीचं घर असेल तर आधी घरच्यांना विचारून ठेवा, मी पहिली सर बघून निघतो.